पुलाचा दिवा

अलिबागच्या दुकानात फोन करून मी म्हटलं, "आमच्या पुलातला दिवा गेलाय." पलीकडचा माणूस क्षणभर गप्प. मग म्हणाला, "कुठला पूल? रेवदंड्याचा?" स्विमिंग पूलला मराठीत सुटसुटीत शब्द नाही, त्याचे हे भोग. आमच्या घराची राखण करणाऱ्या मावशींनी हा प्रश्न कधीच सोडवलाय. त्या त्याला टाकी म्हणतात. "ताई, टाकी उपसू का?" "ताई, टाकीत बेडूक पडलाय." त्यांच्या लेखी माणसांनी पैसे देऊन टाकीत डुंबायला यावं हा शहरी येडेपणा आहे, आणि त्यांचं फार चुकतं असंही मला वाटत नाही.

टाकी आम्ही बांधलेली नाही. नागावजवळ नारळी-पोफळीच्या वाडीतलं हे घर आम्ही २०२१ मध्ये विकत घेतलं, त्यासोबत ती आली. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, एका कडेला स्टीलची शिडी, आणि शिडीसमोरच्या भिंतीत पाण्याखाली एक गोल दिवा. शनिवार-रविवार पाहुणे येतात, संध्याकाळी दिवा लावला की पाणी निळं दिसतं, सगळे फोटो काढतात. तीन वर्षं मी त्या दिव्याबद्दल याहून जास्त विचार केला नव्हता.

१६ ऑक्टोबर २०२४, कोजागिरी. पाहुणे नाहीत, घरचीच बारा-चौदा माणसं. दूध आटत होतं, पोरं अंधार पडला तरी पाण्यातून निघत नव्हती म्हणून मी पुलाचा दिवा लावला. पाच-दहा मिनिटांनी माझा अकरा वर्षांचा भाचा शिडीपाशी येऊन म्हणाला, "मावशी, दांड्याला हात लावला की मुंग्या येतात." मी कढईत पळी फिरवत म्हटलं, "क्लोरीन जास्त झालं असेल. चल, बाहेर ये, दूध झालंय."

क्लोरीनने मुंग्या येत नाहीत. हे मला तेव्हाही माहीत असायला हवं होतं. ते वाक्य आठवलं की आजही माझ्या पोटात गोळा येतो.

पोरं बाहेर आली, आणि थोड्याच वेळात सगळं अंगण अंधारात गेलं. कोजागिरीच होती. "बरं झालं, चांदणं तरी दिसेल," म्हणून सगळे खूश. नवऱ्याने डीबी, म्हणजे खटक्यांची पेटी, उघडून बघितलं तर आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की घराची वीज तोडणारा खटका, पडलेला. वर केला, पुन्हा पडला. पुलाच्या दिव्याचं बटण बंद करून वर केला, तेव्हा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्यांनी एका वायरमन पोराला पाठवलं. त्याने सगळी बटणं बंद केली, एकेक लावत गेला, आणि पुलाच्या दिव्यावर आल्यावर खटका पडला. इथवर काम चोख. मग तो म्हणाला, "हा आरसीसीबी जरा जास्तच नाजूक आहे. बायपास करून देतो, दिवाळी निघून जाईल. नंतर बघू." लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं आणि त्या आठवड्याची सगळी बुकिंग घेऊन झाली होती. कबूल करते, मी दोन मिनिटं त्यावर विचार केला. मग भाच्याच्या मुंग्या आठवल्या आणि पोराला चहा पाजून वाटेला लावलं.

माझा दादा ह्यूस्टनला असतो. एका कारखान्यात विजेच्या देखभालीचं काम बघतो. त्याला फोन लावला. मुंग्यांचं सांगितल्यावर तो जे म्हणाला ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यातला लिहिण्यासारखा भाग एवढाच: "आजपासून कोणीही पाण्यात उतरणार नाही. दिव्याचा एमसीबी, डीबीतला त्याचा छोटा खटका, खाली, त्यावर चिकटपट्टी. आणि मला सांग, तो दिवा किती व्होल्टचा आहे?"

मला काय माहीत!

"मग तेच आधी शोध," तो म्हणाला. मग त्याने आरसीसीबीचा हिशेब समजावला. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का, एवढंच तो सतत मोजत बसतो. ३० मिलिअँपिअरपर्यंत फरक पडला की तोडतो. प्रत्यक्षात पंधरा ते तीसच्या मध्ये कुठेतरी तुटतो. म्हणजे त्याच्याखालची गळती तो निमूट सोसतो, पण ओल्या अंगाच्या पोराला ती जाणवते. अमेरिकेत याच कामाचं यंत्र पाचेक मिलिअँपिअरलाच तोडतं. तिथे १२० व्होल्टचे दिवेही पाण्यात चालतात, त्यांच्या विजेच्या संहितेत पुलांसाठी ६८० क्रमांकाचं आख्खं कलम आहे, त्यामुळे हे यंत्र, परवाने, तपासणी सगळं आलंच. आपल्याकडे जिच्या आधाराने काम व्हायला हवं ती आयईसीची, म्हणजे विजेची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेची, पद्धत वेगळी: पाण्यात जाणारी वीज १२ व्होल्ट एसीच्या वर नको, आणि ती १२ व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर पाण्याच्या कडेपासून साडेतीन मीटरच्या पलीकडे.

"आता यातली गोम ऐक," दादा म्हणाला. "तुझा दिवा खरंच १२ व्होल्टचा असेल, मधे नीट ट्रान्सफॉर्मर असेल, तर दिव्यात कितीही पाणी शिरलं तरी घरातला आरसीसीबी पडायलाच नको. ट्रान्सफॉर्मरच्या दोन बाजूंना जोडणारी वायरच नसते. त्या बाजूची गळती या बाजूच्या हिशेबात येत नाही. मग तुझा का पडला?"

म्हणजे एक तर ट्रान्सफॉर्मरच आतून बिघडलाय, नाहीतर तिथे १२ व्होल्ट नव्हतेच. हे ऐकून मी बराच वेळ ओटीवर बसून राहिले. तीन वर्षं. दर शनिवार-रविवार.

दुकानातल्या त्या माणसानेच, रेवदंड्याचा पूल नव्हे हे एकदा कळल्यावर, एका परवानाधारक कंत्राटदाराचं नाव दिलं. त्यांच्याकडचे जे काका आले ते साठीच्या आतबाहेरचे, पांढरी दाढी, खिशात टेस्टर, हातात पिवळ्या पेटीतला मेगर, म्हणजे वायरीच्या वेष्टणातून वीज गळते का ते मोजणारं यंत्र. मी त्यांचा वायरमनचा परवाना बघायला मागितला. मला वाटलं होतं रागावतील. त्यांनी पाकिटातून काढून दिला आणि म्हणाले, "पयल्यांदा कुनी मागितला."

काका पुलाकडे गेलेच नाहीत. सरळ पंपघरात गेले. आमचं पंपघर पुलापासून चौदा मीटरवर, फणसाखाली. तिथल्या भिंतीवर एक करडा डबा होता, ज्याला मी आजवर पंपाचाच भाग समजत होते. त्यांनी झाकण काढलं, बॅटरी मारली, आणि मला आत बोलावलं. आत तांब्याच्या वेटोळ्यांचा जाडजूड ट्रान्सफॉर्मर होता, ३०० व्हीएचा, म्हणजे साधारण ३०० वॅटचा भार पेलणारा. छान होता. फक्त त्याला काही जोडलेलंच नव्हतं. येणाऱ्या दोन वायरी आणि जाणाऱ्या दोन वायरी बाजूला एका कनेक्टरमध्ये थेट एकमेकींना जोडून वर काळी टेप गुंडाळलेली.

"दोनशे तीस सरळ पान्यात," काका म्हणाले. आवाज अजिबात न चढवता.

असं कोणी का करेल, याचं उत्तर मला नंतर कागद-पेन्सिल घेऊन बसल्यावर मिळालं, आणि ते मूर्खपणाचं नसून अर्धवट शहाणपणाचं होतं, म्हणून सविस्तर सांगते. मूळचा दिवा ३०० वॅटचा हॅलोजन असणार. १२ व्होल्टवर ३०० वॅट म्हणजे २५ अँपिअर. पंपघरापासून दिव्यापर्यंत ४ चौरस मिलिमीटरची केबल, जायची-यायची मिळून साधारण तीस मीटर. तिचा रोध ०.१४ ओहमच्या आसपास. २५ अँपिअरला त्यात साडेतीन व्होल्ट वाटेतच संपतात. दिव्याला पोचतात साडेआठ. दिवा पिवळट, मरगळलेला. कोणाला तरी तो अंधूक वाटला असेल. बाजारात पीएआर ५६ नावाने मिळणारा दिवा मापाने अगदी सारखाच, सात इंची काच, मागे दोन स्क्रू, पण १२ व्होल्टचा मिळतो तसा थेट मेनवर चालणाराही मिळतो. कोणी तरी तो आणला, ट्रान्सफॉर्मर वगळला, दिवा लख्ख पेटला, सगळे खूश. खरा उपाय एवढाच होता की १२ व्होल्टचाच एलईडी लावायचा. १८ वॅटला जेमतेम दीड-दोन अँपिअर लागतात, त्याच केबलमध्ये पाव व्होल्टच्या आसपास जातो. काही बदलावंच लागलं नसतं.

काकांनी दिव्याकडे जाणाऱ्या दोन्ही वायरी सोडवून एकत्र केल्या आणि मेगर लावून अर्थिंगशी मोजलं. काटा जवळजवळ शून्यावर. ०.०१ मेगोहम, म्हणजे दहा हजार ओहम. २३० भागिले दहा हजार: २३ मिलिअँपिअर. भाचा पाण्यात होता तेव्हा याहून थोडी कमी असणार, म्हणून आरसीसीबी राहिला. नंतर थोडी वाढली आणि पडला. हा हिशेब मी त्यांच्यासमोर तोंडी केला आणि पुढे बोलता येईना. काकांनी मावशींना पाणी आणायला सांगितलं.

सामान यायला सहा दिवस लागले. त्यात दिवा: १८ वॅट, १२ व्होल्ट एसी, आयपी ६८ म्हणजे कायम पाण्यात राहू शकणारा, आतून पूर्ण राळ भरलेला, म्हणजे आत पाणी शिरायला पोकळीच नाही. मागून येणारी सलग केबल मुद्दाम सहा मीटरची मागवली. स्क्रू एसएस ३१६ या सहजी न गंजणाऱ्या स्टीलचे, कारण समुद्रावरचा वारा आणि क्लोरीन मिळून साध्या स्टीलला दोन पावसाळ्यांत खातात. ट्रान्सफॉर्मर नवा, ६० व्हीए. जुना चांगला होता तर तोच का नाही, असं मी विचारलं. तीनशेच्या ट्रान्सफॉर्मरवर अठराचाच भार टाकला तर तो बाराऐवजी तेराच्या वर देत बसतो, एलईडीला ते मानवत नाही, असं काकांचं म्हणणं. आणि हॅलोजनसाठी मिळतात ते हलके इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर तर नकोच, कमी भारावर दिवा लुकलुकतो. तांब्याच्या गुंडाळीचा, पट्टीवर आयईसी ६१५५८-२-६ छापलेला सेफ्टी आयसोलेटिंग ट्रान्सफॉर्मर हवा. दुकानदाराने दुसराच एक काढून दाखवला, "तेच आहे हो." पट्टीवर तसं काही नव्हतं. काकांनी तो परत त्याच्या काउंटरवर सरकवला.

मधल्या दिवसांत पाण्याचं काम. एरवी पुलातला दिवा काढायला पाणी उपसावं लागत नाही. दिव्यामागच्या खोबणीत मीटर-दीड मीटर केबल वेटोळं करून ठेवलेली असते, स्क्रू काढून दिवा कडेवर उचलून घ्यायचा, कोरड्यात काम करायचं, परत सोडायचा. आमच्याकडे ते वेटोळं कोणीतरी कापून टाकलेलं. दिवा भिंतीपासून वीतभरही पुढे येत नव्हता. म्हणजे पाणी त्याच्या खाली न्यावंच लागणार. पाऊण मीटर. ८ गुणिले ४ गुणिले पाऊण, चोवीस हजार लिटर.

मावशी म्हणाल्या, "मग समदीच उपसू की. घासून तरी होईल." मोह मलाही झाला. पण तेव्हा ऑक्टोबर. शेजारच्या विहिरीचं पाणी हाताला लागत होतं. जमीन अशी भरलेली असताना पूल रिकामा केला तर खालचं पाणी त्याला होडीसारखं वर उचलतं, फरशा तडकतात, कधी आख्खी टाकी सरकते. मावशींना हे पटवायला मी परातीत वाटी तरंगवून दाखवली. त्या म्हणाल्या, "वाटी हलकी हाय." मुद्दा तिथेच सोडला. चार दिवस आधीपासून क्लोरीन टाकणं थांबवलं होतं, त्यामुळे पाऊण मीटर पाणी पोफळींना गेलं. पोफळी खूश, मावशी नाराज.

ठरल्या दिवशी काका सकाळी आठला आले. पहिला पाऊण तास त्यांनी फक्त वीज बंद करण्यात घालवला आणि माझ्या मते सगळ्या कामात तोच भाग शिकण्यासारखा होता. पुलाच्या दिव्याचा एमसीबी तर आधीच खाली होता. काकांनी मेन स्विच खाली केला. घर बंद. पंखे थांबले. मग पंपघरात जाऊन बघतो तर तिथला बल्ब पेटलेला! काकांनी माझ्याकडे बघितलं. मी नवऱ्याकडे. इन्व्हर्टर. लाइट सारखी जाते म्हणून आम्ही माळ्यावर इन्व्हर्टर बसवलाय, आणि तो बसवणाऱ्याने घरातल्या दिव्यांबरोबर पंपघराचीही एक वायर त्यावर टाकून ठेवलेली. महावितरणची वीज बंद करून हात घातला असता तरी तिथे २३० व्होल्ट वाट बघत होते. इन्व्हर्टर बंद, बॅटरीची वायर काढली. जनरेटर आमच्याकडे नाही, पण काकांनी तेही विचारून घेतलं, आणि कुठे टायमर लावलाय का तेही. काही ठिकाणी म्हणे संध्याकाळी सातला टायमर आपणहून दिवा लावतो, आणि माणूस तेव्हा पाण्यात असतो.

मेन स्विचच्या दांड्याला कुलूप. कुलूप माझ्या प्रवासी बॅगेचं, किल्ली काकांच्या खिशात. वर खडूने "काम चालू आहे". मग तपासणी. खिशातला टेस्टर त्यांनी बाहेर काढलाच नाही. "ह्याचा दिवा पेटला तर वीज हाय. नाय पेटला तर काय सांगता येत नाय." व्होल्ट मोजायचा मीटर आधी मेन स्विचच्या वरच्या, अजून जिवंत असलेल्या बाजूला लावून तो चालतोय हे बघितलं. मग दिव्याच्या वायरींवर: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. तिन्ही शून्य. मग परत जाऊन मीटर जिवंत बाजूला लावला, मधल्या काळात तो मेला नाही ना हे बघायला. मग म्हणाले, "आता उतरा."

दिव्याची चकती काढायला चार स्क्रू. तीन आले, चौथा गंजून बसलेला. तो सुटला आणि नवऱ्याच्या हातातून थेट खोल बाजूला पडला. अजून तिथे माणूसभर पाणी होतं. घरात नीट पोहणारी मी एकटी. लहानपणी आजोळच्या विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेली, तळाचे खडे काढून आणायची पैज लावलेली. पन्नाशी ओलांडल्यावर, गंजक्या स्क्रूसाठी, साडीच्या जुन्या परकरावर बुडी मारताना मावशी माझ्याकडे ज्या नजरेने बघत होत्या ती विसरणार नाही. स्क्रू लावायचा नव्हताच, पण तळाशी ठेवला तर फरशीवर गंजाचा डाग पडतो आणि तो कशानेही जात नाही.

दिवा बाहेर आला. मागच्या बाजूला पट्टी होती, अर्धी पुसलेली: एसी ८५-२६५ व्होल्ट. काचेच्या आत बोटभर हिरवट पाणी. वायर आत शिरते तिथलं रबर चुरा झालेलं.

नवी केबल भिंतीतल्या पाइपातून कडेवरच्या जंक्शन बॉक्सपर्यंत न्यायची, अंतर चार मीटर. बॉक्स फुलझाडांच्या उंच कठड्यात आहे, पाण्याच्या पातळीहून हातभर वर, आणि ते महत्त्वाचं, कारण पाइपात पाणी पुलाच्या पातळीइतकं चढून राहतंच. जुन्या केबलच्या टोकाला नवी बांधायची आणि वरून जुनी ओढायची, ती आपल्यामागे नवीला घेऊन येते. ऐकायला सोपं. अर्ध्यावर अडकली. काका वरून ओढतायत, नवरा खालून ढकलतोय, मी मधे उभी राहून दोघांना एकाच वेळी ओढा-थांबा सांगतेय. भांडी घासायचं लिक्विड ओतलं, दोन इंच सरकली. मागे घेतली, पुन्हा ओढली. जोडाची गाठ जाड झाली होती ती सोडून निमुळती बांधली. साडेअकरा ते सव्वा. एकदा तर नवऱ्याने सुचवलं की मधेच जोड देऊ. काका म्हणाले, "पान्यात जोड नाय." त्यानंतर कोणी काही सुचवलं नाही.

शेवटी आली, तीही पाइपाच्या तोंडातून लिक्विडचा फेस काढत.

खोबणीतल्या पाइपाचं तोंड इपॉक्सीने बंद केलं. दीड मीटर केबल दिव्याभोवती गुंडाळली. रबराच्या रिंगला मी व्हॅसलीन लावायला घेतलं होतं. काकांनी डबी माझ्या हातातून काढून घेतली, त्याने रबर फुगतं म्हणे, आणि सिलिकॉन ग्रीस दिलं. बॉक्समधली जोडणी पारदर्शक जेलमध्ये बुडवून बंद केली. पण दिवा भिंतीत बसवायच्या आधी एक गंमत झाली, ती मला फार आवडली. मावशींची कपड्याची बादली पाण्याने भरून त्यात दिवा ठेवला आणि नव्या ट्रान्सफॉर्मरवरून अर्धा तास पेटवला, बादली कडेवर, सगळे लांब. पाण्याबाहेर असे दिवे जास्त वेळ लावायचे नसतात, पाणीच त्यांना थंड ठेवतं. काचेवर बुडबुडा नाही, आत ओल नाही. बॉक्सपाशी मीटरवर ११.८ व्होल्ट. भरदुपारी निळ्या बादलीतून उजेड येत होता आणि मावशी पहिल्यांदाच म्हणाल्या, "चांगलं दिसतंय."

त्यानंतर केबल सोडवून २५० व्होल्टच्या मेगरवर तपासली. इतक्या कमी व्होल्टेजच्या वायरिंगला अर्धा मेगोहम पुरतो. काटा दोनशेच्या पुढे.

मला वाटलं झालं. काका शिडीकडे गेले. मुंग्या तिथे आल्या होत्या ना. शिडीचे पाय, पुलाच्या काँक्रीटमधल्या सळया, पंपाचा सांगाडा हे सगळं तांब्याच्या वायरीने एकमेकांना बांधलेलं हवं, म्हणजे कुठेही चूक झाली तरी माणसाचा हात एका धातूवर आणि पाय ओल्या फरशीवर असताना दोघांच्या मधे व्होल्टच उरत नाहीत. आमच्या शिडीखाली ती जोडणी होती. म्हणजे पूर्वी होती. चिमटीत धरली तर लाल भुगा हातात आला. नवी ओढली, टोकाला कथिल चढवलेला लग, म्हणजे वायर कसायची कडी, वर रंग. एवढ्याशा कामाला तास गेला आणि बिलात त्याचे सर्वांत कमी पैसे लागले. एकूण बिल तेरा हजारांच्या आसपास झालं.

पाणी परत भरायला विहिरीवरून दीड दिवस. पाणी दिव्यावर चढेपर्यंत कोणीही बटणाला हात लावायचा नाही, म्हणून एमसीबीवरची चिकटपट्टी तशीच. तो दिवस संपता संपेना. भाऊबीजेला भाचा आला. त्याला मी काही सांगितलं नव्हतं. संध्याकाळी दिवा लावला, आधी काकांनी शिकवल्याप्रमाणे मीटर शिडी आणि कडेवरच्या ओल्या फरशीमधे लावून बघितला, शून्य. मग स्वतः उतरले, दांडा दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. मग त्याला म्हटलं, ये. त्याने दांडा धरला, सोडला, पुन्हा धरला.

"मावशी, मुंग्या गेल्या."

"हो."

"क्लोरीन कमी केलंस?"

मी त्याला खरं काय ते सांगितलं. सगळं. त्याला आकडे आवडतात, २३ मिलिअँपिअर त्याने वहीत लिहून घेतलं.

आता दर महिन्याच्या एक तारखेला मावशी आरसीसीबीवरचं टी लिहिलेलं बटण दाबतात. घर क्षणभर अंधारतं आणि फ्रिज बंद पडतो, यात त्यांना विशेष आनंद मिळतो असा माझा संशय आहे. जुना दिवा पंपघरात खिळ्याला टांगलाय, पट्टी बाहेरच्या बाजूला.

एकच चूक राहिली. दिवा मागवताना मी पांढराशुभ्र रंग निवडला, ६५०० केल्व्हिनचा. पाणी निळं दिसतं ते ठीक, पण दवाखान्याच्या बोळातल्यासारखं दिसतं, आणि पावसाआधीचे सगळे किडे आमच्याकडे मुक्कामाला. पुढच्या वेळी पिवळा. केबल दीड मीटर जास्त ठेवलीच आहे.